कच्चा लिंबू : देशी खेळांच्या छापील नियमांतून गळलेली एक चाल

इतिहाससंशोधकाच्या दप्तरांत सनदा, निवाडे, वंशावळी व जमाखर्च यांस मानाची जागा असते. मुलांच्या खेळांस ती नसते. रुमाल सोडतांना एखादें विटीदांडूच्या डावांचें टांचण किंवा पंतोजींची कवायतीची वही निघाली, तर ती बाजूस सारण्याचा दोष आमच्याकडूनहि घडलेला आहे. त्या दोषानें काय हरवतें तें सांगावें, एवढ्याच हेतूनें हें टिपण लिहीत आहों.

खेळांतील शब्दहि पुराव्याच्या कामीं येतात. विटीदांडूंत दांडूनें अंतर मोजतांना मुलें 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी मोजणी करीत. तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे संख्याशब्द ज्याच्या कानांवर आहेत त्यास अधिक सांगावयास नको. दोन भाषांच्या जुन्या शेजाराचा हा दाखला कोणत्याहि कारकुनानें लिहून ठेवलेला नाहीं. तो पोरांनीं राखला. तुकोबांच्या गाथ्यांत हुतुतू, हमामा, टिपरी, विटीदांडू इत्यादि खेळांवर अभंग आहेत, म्हणून खेळांचें जुनेपण सिद्ध आहे; परंतु अभंगांत खेळ रूपकासाठीं येतो, नियमांसाठीं नव्हे. नियम तोंडींच राहिले.

त्या तोंडीं नियमांत 'कच्चा लिंबू' अथवा 'लिंबूटिंबू' म्हणून एक चाल होती. धाकट्या भावंडास खेळांत घ्यावयाचें, धांवूं द्यावयाचें, पण तें बाद झालें तरी बाद धरावयाचें नाहीं व त्याच्यावर राज्य यावयाचें नाहीं. ही केवळ दया नव्हे. घरच्या वडीलधाऱ्यांनीं मूल संभाळावयास लावून दिलेलें, खेळ तर मोडावयाचा नाहीं, अशा अडचणींतून निघालेली ती सोय होती. आणि त्या सोयीनें चार वर्षांचें पोर पाहतां पाहतां खेळ शिकून सातव्या वर्षीं पक्का गडी होई. अंगणें निरनिराळीं, गडी कमीजास्त, म्हणून मापें व संख्याहि त्या त्या दिवशीं ठरत.

पुढें हे खेळ छापले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खो-खोचे नियम बांधले. त्यांत मैदानाचें माप व खांब नव्हते. १९१९ सालीं लंबवर्तुळाकार मैदान व ४४ यार्डांची मध्यरेषा आली. १९२८ सालीं स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें १९३५ सालीं खो-खो व आट्यापाट्या यांचे नियम प्रसिद्ध केले. या मंडळींस दोष देणें अन्यायाचें होईल. गांवोगांवच्या संघांस एकत्र खेळावयाचें तर एक माप हवेंच होतें. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें हुतुतू दाखविला, तोहि खेळास निश्चित रूप आल्याशिवाय दाखवितां आला नसता. परंतु स्पर्धेच्या नियमांत कच्च्या लिंबूस जागा असणें शक्यच नव्हतें, आणि जें छापलें गेलें नाहीं तें शाळेंतहि शिकविलें गेलें नाहीं. प्रौढ गड्यांचे नियम सात वर्षांच्या पोरांस जसेच्या तसे लावले गेले.

हुतुतूचें उदाहरण याहून बोलकें आहे. त्याचे तीन प्रकार नोंदलेले आहेत : संजीवनी, गनिमी आणि अमर. संजीवनींत एक गडी मेला कीं प्रतिपक्षाचा गडी मारल्यावर तो जिवंत होतो. गनिमींत सर्व पक्ष मरेपर्यंत मेलेला बाहेरच बसतो. अमरांत मात्र मेलेला गडी बाहेर जातच नाहीं, केवळ गुण मोजला जातो. स्पर्धेच्या मैदानावर संजीवनी टिकली. आतां प्राथमिक शाळेंत काय घडतें तें पाहावें. दुबळें मूल आधीं मरतें आणि ज्यास व्यायामाची गरज सर्वांत अधिक तेंच तासभर कडेला बसतें. त्याच्यासाठीं 'अमर' हाच खरा खेळ होता, आणि तोच मागें पडला.

गंमत अशी कीं, इंग्लंडांत लफबरो येथील बंकर व थॉर्प या दोघां अध्यापकांनीं १९८२ सालीं मांडलेल्या खेळशिक्षणाच्या पद्धतींत हाच विचार शास्त्ररूपानें आला. खेळाचा गाभा राखून मैदान, साधन व गड्यांची संख्या मुलाच्या बेताची करावी, असें त्या पद्धतीचें एक सूत्र आहे. खो-खोस तें लावूं. मध्यरेषा ओलांडावयाची नाहीं, घेतलेली दिशा बदलावयाची नाहीं, बसलेल्या गड्यास पाठीमागून 'खो' द्यावयाचा, हा गाभा. ४४ यार्ड, खांब व आठ बसलेले गडी हा गाभा नव्हे. चार-चार मुलांच्या आंखूड रांगा केल्या तर बसून राहणें कमी होतें, धांवणें वाढतें आणि खेळ खो-खोच राहतो. अंगणांतलीं मुलें याहून निराळें कांहीं करीत नव्हतीं. तथापि आमच्या मुलांनीं तें शास्त्र आधींच शोधिलें होतें, असा डौल आम्ही मिरवीत नाहीं. चाल असणें वेगळें आणि तिचें कारण ओळखणें वेगळें.

बडोद्याहून निघालेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत देशी व्यायामाचा मोठा संग्रह झाला, तो संग्राहकांच्या कपाटांत सुखरूप आहे. धोका आहे तो किरकोळ कागदांस : जिल्ह्याच्या सामन्यांसाठीं छापलेल्या आणेलीच्या नियमपुस्तिका, शिक्षकांच्या टांचणवह्या, त्यांच्या समासांत शाईनें केलेल्या दुरुस्त्या. नियमाशेजारीं 'लहान वर्गास नको' एवढे तीन शब्द जरी आढळले, तरी तो पान आम्ही निवाड्याच्या पानाइतकाच जपूं. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल करून ठेवावी. आणि ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत त्यांनीं कच्च्या लिंबूस आपल्या गांवीं काय म्हणत, कितव्या वर्षापर्यंत ती सवलत असे, व त्या मुलानें दुसऱ्यास शिवलें तर तो बाद धरीत कीं नाहीं, हें गांवाच्या नांवासह टिपून घ्यावें.