विश्लिष्ट

कोल्हापूरला खेटून असलेल्या उचगावात पैलवानाचा खांदा ‘निखळतो’ किंवा ‘सटकतो’. पण हाड खोबणीतून पुरतं न सुटता अर्धंच सरकलं तर?

त्यासाठी सुश्रुतसंहितेतला ‘विश्लिष्ट’ हा शब्द फार जवळचा. सांधा सुटण्याचे सहा प्रकार सांगताना सुश्रुत त्याची खूण देतो: सूज थोडी, वेदना मात्र सतत, आणि सांध्याचं काम बिघडलेलं. किती नेमकी नजर!

मूळ धातू ‘श्लिष्’, म्हणजे बिलगणं. आश्लेष, श्लेष, विश्लेषण ही त्याचीच भावंडं. ‘वि’ लागला की मिठी सुटते.

ओढणं, दाबणं, जागेवर बसवणं, बांधणं हे उपचारही सुश्रुतसंहितेतच आहेत. आज मात्र आधी एक्स-रे हवाच. हाड मोडलेलं असेल, तर तालमीतल्या एका हिसक्यानं नस दुखावू शकते.