स्वयंपाकाचं मासिक लावताना...

आपल्याकडे मासिक 'विकत घेत' नाहीत, मासिक 'लावतात'. दुधाचा रतीब लावतात, पेपर लावतात, शिकवणी लावतात, तसंच मासिक. एकदा लावलं की ते घरी येत राहणार आणि हळूहळू घरातलंच होऊन जाणार, असं या शब्दातच आहे. त्यामुळे कुठलं लावायचं हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. विशेषतः स्वयंपाकाचं. कारण कथा-कवितांचं मासिक आवडलं नाही तर माळ्यावर जातं, पण स्वयंपाकाचं मासिक थेट ताटात उतरतं.

गेल्या महिन्याभरात घरातल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी मला विचारलं, "स्वयंपाकाचं एखादं मासिक लावायचंय, कुठलं लावू?" उत्तर द्यायला बसलो आणि आमच्या चुडाव्याच्या घरात कुठली मासिकं आली, कुठली टिकली आणि त्यांनी काय केलं याचाच विचार करत बसलो. तर आधी थोडा इतिहास. सल्ला शेवटी आहे, घाई असेल त्यांनी सरळ खाली जावं!

छापील मराठी पाकशास्त्र तसं जुनं आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. त्यानंतर १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. म्हणजे बाईनं लिहिलेलं आणि बाईसाठी लिहिलेलं. पण ही झाली पुस्तकं, एकदा घेतली की संपलं. दर महिन्याला पाककृती घरी येणं सुरू झालं ते बायकांच्या मासिकांमुळे. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' काढलं. साठच्या दशकात पु. वि. बेहेरे यांच्या 'मेनका'च्या पाठोपाठ 'माहेर' आलं. यातलं एकही 'स्वयंपाकाचं मासिक' नव्हतं. कथा, लेख, विणकाम, आरोग्य यांच्या बरोबरीनं चार पानं पाककृतींची. आमच्या घरी 'स्वयंपाकाचं मासिक' म्हणून जे ओळखलं जायचं ते हेच.

आता हे सगळं पुण्या-मुंबईकडचं. चुडाव्यात काय होतं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुडावा हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं गाव. पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे जाताना मधे लागणारं लहानसं स्टेशन. निजामाच्या काळात हैदराबाद ते मनमाड मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास झाली, ती याच वाटेनं. म्हणजे रेल्वे होती. पण नुसती रेल्वे असून मासिक येत नाही.

१९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात. राज्यकारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत (उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचं). नाणंसुद्धा वेगळं. आमचा तो 'हाली' रुपया आणि इंग्रजी मुलखातला तो 'कलदार'. साधारण ११६ हाली दिले की १०० कलदार मिळत. टपाल तिकिटंही निजामाची वेगळी, ते खातं भारतीय टपालात विलीन झालं १९५० मध्ये. आता विचार करा, किर्लोस्करवाडीच्या मासिकाची वर्गणी भरायची तर आधी मराठी वाचता येणारी बाई घरात हवी, मग हालीचे कलदार करायला हवेत, आणि मग ते दुसऱ्या राज्यात पाठवायला हवेत. नकाशावर काहीशे मैल, पण मासिकाच्या दृष्टीनं परदेशच!

माझी आजी या काळातली. तिला अक्षर येत नव्हतं. तिचा सगळा स्वयंपाक हातात आणि डोळ्यात. मोजमाप म्हणजे मूठ, चिमूट, ओंजळ, आणि धान्यासाठी शेर, पायली, चिपटं. काही विचारलं की म्हणायची, "हे काय लिहून ठेवायचं असतंय व्हय? करायला लागलं की येतंय."

मासिक आमच्या घरात आलं ते आत्याच्या पिढीत. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. शाळा मराठी झाल्या, मुली शिकायला लागल्या. आत्या सातवी शिकलेली. गावातल्या एका गुरुजींकडे मासिक यायचं, ते त्यांच्या घरून निघायचं आणि आठ-दहा घरं फिरून पानं सुटलेल्या अवस्थेत आमच्याकडे पोचायचं. पुढे वडिलांनी मनीऑर्डर करून आमचं स्वतःचं लावलं. पोस्टमननं अंक दिला की त्या दिवशी दुपारी आत्या कुणाला सापडायची नाही.

आत्याची एक वही आहे, ती आता माझ्याकडे आहे. शाळेची जुनी दोनशे पानी वही, त्यात मासिकांतली कात्रणं खळीनं चिकटवलेली. माझ्या मते कुठलं मासिक लावण्याजोगं होतं याचा खरा निकाल याच वहीत आहे. किती अंक आले हे महत्त्वाचं नाही, त्यातलं वहीपर्यंत किती पोचलं हे महत्त्वाचं. आणि त्याहून बघण्यासारखं आहे ते कात्रणांच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं. 'ओलं खोबरं' याच्यावर काट, शेजारी 'दाण्याचा कूट'. 'आमसूल'वर काट, शेजारी 'चिंच'. 'ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटे' याच्याजवळ 'कढईत वाळू, वर तवा, तव्यावर निखारे'. पुण्याची पाककृती चुडाव्याला आणायची तर असं भाषांतर करावंच लागायचं. आमच्याकडे नारळ यायचा तो देवापुढे फोडायला. चूल तुराट्या-पऱ्हाट्यांवर आणि गोवऱ्यांवर. त्यावर 'मंद आच' म्हणजे काय, हे मासिकात लिहिणाऱ्या बाईंना कुणी विचारलं नसावं.

वहीत केक आहे, दोन प्रकारची बिस्किटं आहेत, सुरळीच्या वड्या, टोमॅटोचं सार, कसलंसं पुडिंग (हे झालेलं मला आठवत नाही). पण येसर नाही. सुशीला नाही. शेंगोळे, धपाटे, कण्या, अंबाडीची भाजी, महालक्ष्म्यांची ज्वारीची आंबील, यातलं एकही नाही. कारण उघड आहे. जे रोजचं, ते कोण लिहिणार? आणि कुठल्या मासिकात छापून येणार? पण याचा एक परिणाम झाला, तो आम्हाला तेव्हा कळला नाही. छापून येतं ते 'पदार्थ', आणि घरी होतं ते नुसतं 'जेवण'. पाहुणे पुण्याचे असले की मासिकातलं व्हायचं, भाकरी झाकून ठेवली जायची.

१९७२ च्या दुष्काळाचं उदाहरण बोलकं आहे. त्या वर्षी मराठवाड्यात ज्वारीच नव्हती. रेशनवर परदेशातला लाल मिलो यायचा, दुष्काळी कामांवर पोरांना सुकडी मिळायची. मिलोची भाकरी थापताना चिरते, तव्यावर टाकताना तुटते. आजी आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी त्यावर उकळत्या पाण्याच्या उकडीचे, दुसरं पीठ मिसळण्याचे नाना उपाय शोधले. त्या वर्षीचं आमच्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं पाकशास्त्र ते हेच! आत्याच्या वहीत मात्र ते कुठेही नाही.

मासिकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी खूप काही दिलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोजमाप. देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले, शेर-तोळे गेले, आणि मधली काही वर्षं घराघरात नुसता गोंधळ होता. त्यावर बायकांनी काढलेला तोडगा म्हणजे वाटी आणि चमचा. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, ते याच भाषेत बोलत होतं. वाटी कुठली ते ठरवा, मग सगळं त्याच वाटीनं मोजा. चुडाव्याची वाटी आणि पुण्याची वाटी सारखी असण्याची गरजच उरली नाही. ते पुस्तक लग्नात भेट म्हणून का दिलं जायचं हे लक्षात येतं.

मग १९७३ पासून 'कालनिर्णय' आलं. भिंतीवरचं पान उलटलं की मागे पाककृती, वेगळी वर्गणी नाही. टीव्ही आला. १९९३ ला संजीव कपूरचं 'खाना खजाना', २००७ ला मराठीत 'आम्ही सारे खवय्ये'. नंतर यूट्यूब, आणि आता मोबाईलवर हवं ते फुकट. 'स्त्री' तर त्याआधीच बंद झालं होतं. त्याच्या संपादनात असलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं, पण पाककृती देणं हे त्या मासिकाचं काम नव्हतं, बाईला स्वयंपाकघराबाहेर काढणं हे होतं. तेही बरोबरच.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९४१ पासून चालू असलेलं 'गुर्मे' नावाचं प्रसिद्ध मासिक २००९ मध्ये जाहिराती आटल्यावर बंद पडलं. त्याच देशात 'कुक्स इलस्ट्रेटेड' नावाचं एक मासिक १९९३ पासून जाहिराती न घेता, फक्त वर्गणीवर चाललं. ते एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करून बघतं आणि कुठे काय बिघडलं तेही छापतं. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. मासिकाचा खर्च जाहिरातदार करत असेल तर पाककृतीत जाहिरातदाराचं पाकीट येणारच. खर्च वाचक करत असेल तर वाचकाच्या चुलीचा विचार होतो.

आपल्या भागाबद्दल छापून यायला मात्र फार वेळ लागला. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ चं. मराठवाड्यातल्या दलित घरांमधलं अन्न, जे आजवर कुठल्याही 'पाककृती विभागा'त बसलं नसतं, ते त्यात नीट मांडलेलं आहे. २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं. नावातच त्यांनी एक प्रश्न विचारलाय: पूर्णब्रह्म कुणाचं? आमच्या वहीत आमचं गाव नव्हतं अशी तक्रार मी करतोय. पण आमच्याच गावातल्या दुसऱ्या वस्तीचं अन्न आमच्या तोंडीसुद्धा नव्हतं. हे पुस्तक वाचल्यावर माझी तक्रार मला जरा लहान वाटायला लागली.

ज्वारीचंही तसंच. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर काढलेलं 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण २०१८ मध्ये प्रसारित झालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि एकदम सगळीकडे ज्वारीचे डोसे, ज्वारीचे पिझ्झे! पाहुणे आले की झाकून ठेवायची ती भाकरी आता चकचकीत कागदावर आली, अर्थात चीज घालून. असो. आली हे काय कमी आहे.

तर आता सल्ला. मासिक लावण्याआधी दोन-तीन सुटे अंक आणा आणि चार गोष्टी बघा.

एक, साहित्याच्या यादीतलं किती पूर्णेच्या सोमवार-मंगळवारच्या साध्या दुकानात मिळेल? निम्म्याहून कमी असेल तर ते मासिक तुमच्यासाठी नाही.

दोन, पदार्थ बिघडला तर काय करायचं हे कुठे लिहिलंय का? नसेल तर तो पदार्थ लिहिणाऱ्यानं एकदाच केलाय, किंवा केलेलाच नाही.

तीन, पाककृती कुठल्या गावची, कुणाच्या घरातली हे सांगितलंय का? 'पारंपरिक' एवढंच लिहिलेलं असेल तर सावध.

चार, सहा महिन्यांनी वहीत किती उतरलं ते मोजा. सहा अंकांत सहा पदार्थसुद्धा नसतील तर पुढची वर्गणी भरू नका.

आणि वर्गणीइतकेच पैसे वेगळे काढून एक जाड, शिवलेली वही घ्या. आजी १९९८ मध्ये गेली. तिचा येसर आमच्या घरात त्यानंतर झालेला नाही. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची हे सगळ्यांना माहीत आहे, पण काय किती आणि काय कुठवर भाजायचं हे तिच्या हाताबरोबर गेलं. आत्यानं आयुष्यभर इतकं लिहून ठेवलं, पण तिला ते लिहावंसं वाटलं नाही, कारण आजी होतीच की घरात.

नांदेडच्या काकू, वसमतची माई, आणि हे वाचणारे बाकीचे सगळे: तुमच्यापैकी कुणी तिच्या हाताखाली येसर भाजलेला असेल तर मला फोन करा. अंदाजे सांगितलं तरी चालेल. वाटी कुठली, ते आपण नंतर ठरवू.