आधी पाहा, मग नळी

मंडळी, मी कवितेचा माणूस, बी. ए.पर्यंत शिकलेला. पण वैद्यकाच्या इतिहासातली एक छोटीशी गोष्ट आज तुम्हाला सांगावीशी वाटते.

तान्ह्या बाळाला ताप येतो, कारण कळत नाही, लघवी तपासायची असते. बाळ काही सांगून लघवी करत नाही. चिकटपट्टीची पिशवी लावली, तर कातडीवरचे जंतू मिसळून निकाल फसवा येऊ शकतो. मग मूत्रमार्गातून बारीक नळी घालतात. बाळ कळवळतं, आई तोंड फिरवते. आणि कधी कधी नळीतून थेंबही येत नाही, कारण बाळानं नुकतंच दुपटं ओलं केलेलं असतं! पुन्हा तीच नळी, पुन्हा तोच आकांत.

ही नळी फार जुनी. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात काशाच्या नळ्या सापडल्या. इ. स. १०००च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबाचे शल्यवैद्य अबुल कासिम अल्-झहरावी यांनी 'अल्-तस्रीफ' या ग्रंथात चांदीच्या नळीचं वर्णन केलं. पुढे रबरी नळी रुळली. नळी सुधारत गेली. पण आत लघवी आहे का, याचा अंदाज पोट चाचपूनच घ्यायचा.

उत्तर आलं ते कारखान्यातून. धातूतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधणारं यंत्र ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी रुग्णाच्या पोटाकडे वळवलं. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध आला. पुढे यंत्र लहान होत होत खाटेपाशी पोचलं. द्रवातून प्रतिध्वनी उठत नाही, म्हणून भरलेलं मूत्राशय पडद्यावर काळंभोर दिसतं.

२००५ साली 'पीडिअॅट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात येल विद्यापीठातल्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानग्यांची आधी सोनोग्राफी करून मग नळी घातली, तेव्हा पहिल्याच खेपेला पुरेशी लघवी मिळण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेलं. मूत्राशय रिकामं दिसलं तर बाळाला काही पाजायचं, थांबायचं, पुन्हा पाहायचं. एवढंच!

आपल्याकडे याच यंत्राच्या आधारे पोटातल्या मुली खुडल्या गेल्या. त्यासाठी १९८८ साली महाराष्ट्राला देशातला पहिला कायदा करावा लागला. यंत्र तेच, पाहणाऱ्याची नियत वेगळी.

इतिहासात राजांची, लढायांची पानं पुष्कळ आहेत. एका बाळाला दुसऱ्यांदा रडावं लागू नये, म्हणून कुणी मिनिटभर थांबून पाहिलं, त्या मिनिटालाही तिथे एक ओळ मिळावी.