दोन देहांची कथा, एकाच देहाचे कोडे

पॅरिसच्या सेन नदीतून एक शवपेटी वाहत येते. आत लिया द बोमाँ या तरुणीचा मृतदेह असतो. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये घडणारी 'ल शव्हालिए देओं' ही जपानी अॅनिमेशन मालिका या प्रसंगाने उघडते. 'प्रॉडक्शन आय.जी.'ची ही २४ भागांची रहस्यमालिका २००६-०७ मध्ये जपानमध्ये प्रसारित झाली. काझुहिरो फुरुहाशी तिचे दिग्दर्शक.

बहिणीच्या खुनाचा शोध घेणाऱ्या देओंच्या शरीरात संकटसमयी लियाचा आत्मा संचारतो आणि तलवार तीच चालवते. येथे वेषांतर वस्त्रांचे नाही, देहाचेच आहे.

इतिहासातील देओं (१७२८-१८१०) हे पंधराव्या लुईच्या गुप्त यंत्रणेतील मुत्सद्दी आणि घोडदळातील कप्तान. रशियाच्या दरबारात ते 'लिया' नावाने स्त्रीवेषात वावरल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुरावा मात्र तोकडा. लंडनमध्ये त्यांच्या लिंगाविषयी चक्क पैजा लागल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि १७७७ मध्ये ते स्त्री असल्याचा निकाल लागला. त्याच वर्षी सोळाव्या लुईने त्यांना स्त्रीवेषातच राहण्याचे फर्मान काढले. गणवेश सोडण्यास देओंनी मोठी कुरकुर केली. पण पुढे इंग्लंडमध्ये सक्ती उरली नाही, तरी तो वेष त्यांनी उतरवला नाही.

एका व्यक्तीचे भाऊ-बहिणीत विभाजन करून मालिकेने रहस्य रंगवले खरे. मूळ पेचाला मात्र बगल दिली. १८१० मध्ये मृत्यूनंतर झालेल्या तपासणीत देह पुरुषाचा निघाला. अनेक वर्षे एकाच घरात राहिलेल्या विधवा मैत्रिणीलाही त्याची कल्पना नव्हती.