युद्धसाहित्य ठरलेली आज्ञावली

जून 1991 मध्ये अमेरिकन प्रोग्रामर फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य खुले केले. घरच्या साध्या संगणकावरून धाडलेले पत्र आता ज्याच्यासाठी लिहिले त्यालाच उलगडणार होते. सबळ गुप्तलेखन ही तोवर राजसत्तांची आणि लष्करांची मिरास. अमेरिकी कायद्याच्या लेखी तर ते युद्धसाहित्यच! पीजीपी परवान्यावाचून देशाबाहेर पोहोचले, म्हणून 1993 मध्ये झिमरमन यांच्यामागे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला. गंमत अशी, की छापील पुस्तकाला ही बंदी नव्हती. मग संपूर्ण आज्ञावलीच ग्रंथरूपाने छापली गेली. 1997 मध्ये अशीच पुस्तके युरोपात नेऊन, पानामागून पान स्कॅन करून ती पुन्हा संगणकात उतरवण्यात आली. चौकशी त्याआधीच, जानेवारी 1996 मध्ये, आरोपपत्राविना गुंडाळली गेली होती.