संकेतार्थी वाक्ये व कालदर्शक उपवाक्ये, इंग्रजीतील

इंग्रजी व्याकरणातील मिश्र वाक्याचे दोन जवळचे प्रकार. संकेतार्थी वाक्यात ‘इफ’, ‘अनलेस’ यांसारख्या अव्ययाने जोडलेले गौण वाक्य अट सांगते आणि मुख्य वाक्य तिचा परिणाम सांगते. कालदर्शक उपवाक्य ‘व्हेन’, ‘व्हाइल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘ॲज सून ॲज’ इत्यादींनी सुरू होते व मुख्य क्रिया केव्हा घडते ते दाखवते. घटना घडेल की नाही याची शंका असेल तर ‘इफ’ आणि घडणार हे गृहीत असेल तर ‘व्हेन’, असा सर्वसाधारण भेद आहे.

प्रकार : अध्यापनात संकेतार्थी वाक्यांचे चार प्रकार मानतात. शून्य प्रकारात नेहमी खरे ठरणारे विधान असते व दोन्ही वाक्यांत साधा वर्तमानकाळ येतो. पहिल्या प्रकारात भविष्यातील शक्य गोष्ट असते : ‘इफ इट रेन्स, वुई विल स्टे होम’. दुसऱ्यात कल्पित किंवा असंभाव्य अट भूतकाळी रूपाने व परिणाम ‘वुड’ने सांगतात : ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस’. तिसऱ्यात भूतकाळात न घडलेली गोष्ट येते : ‘इफ शी हॅड आस्क्ड, आय वुड हॅव हेल्प्ड’. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांची सरमिसळही होते. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्‌व्याकरणात मुख्य विभागणी ‘खुली’ व ‘कल्पित’ अशी आहे, तर हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या व्याकरणात ‘खुली’ व ‘दूरस्थ’ अशी. दूरस्थ अटीतील भूतकाळी रूप काळ न दाखवता वास्तवापासूनचे अंतर दाखवते. म्हणूनच ‘इफ आय वेअर यू’ हे वाक्य वर्तमानाविषयी असते. औपचारिक भाषेत ‘इफ’ गाळून क्रियापद आधी घेतात : ‘हॅड आय नोन’.

भविष्यकाळाचा नियम : अट किंवा वेळ सांगणाऱ्या गौण वाक्यात भविष्याचा अर्थ असला, तरी सामान्यतः ‘विल’ वापरत नाहीत : ‘आय विल कॉल यू व्हेन ही कम्स’. क्रिया पूर्ण होण्यावर भर असेल, तर पूर्ण वर्तमानकाळ चालतो. ‘इफ’नंतरचे ‘विल’ तयारी किंवा विनंती सुचवत असेल, तर ते ग्राह्य ठरते. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ यात ‘व्हेन’चे वाक्य कर्माच्या जागी आहे, कालदर्शक नाही, त्यामुळे तेथेही ‘विल’ येते. भूतकाळी कथनात आधीची क्रिया पूर्ण भूतकाळात येऊ शकते. ‘बिफोर’ व ‘आफ्टर’ यांनी क्रम स्पष्ट होत असल्याने साधा भूतकाळही पुरतो. गौण वाक्य आधी आल्यास त्यानंतर स्वल्पविराम देतात.

मराठीशी तुलना : मराठीत ‘तो आला तर मी जाईन’ यातील भूतकाळी रूप खुली अट दाखवते, इंग्रजीत तेथे ‘इफ ही कम्स’ हवे, ‘इफ ही केम’ म्हटल्यास अट दूरस्थ होते. ‘पैसे असते तर घर घेतले असते’ हे वाक्य संदर्भानुसार आजच्या किंवा मागच्या परिस्थितीला लागू पडते. इंग्रजीला दुसरा व तिसरा यांतून निवड करावी लागते. ‘तो येईल तेव्हा’ या धर्तीवर ‘व्हेन ही विल कम’ आणि ‘जोपर्यंत तो येत नाही’ यावरून ‘अंटिल ही डझ नॉट कम’ अशा चुका मराठी भाषकांकडून होतात. ‘अंटिल’मध्ये मर्यादेचा अर्थ असतोच, म्हणून तेथे नकार लागत नाही. त्याउलट ‘अनलेस’मध्ये ‘नसेल तर’ हा नकार अंतर्भूत असतो, त्यामुळे त्याला वेगळे ‘नॉट’ जोडल्यास अर्थ उलटतो.