कातकामाची शाळा

लाटणे, पाळण्याचा खूर, पोरांचा भोवरा, ही सारी कातारी माणसाच्या खरादाची करामत. जुन्या हातखरादावर एकजण लाकडाला गुंडाळलेली दोरी आलटूनपालटून ओढी, दुसरा पटाशी धरी. हत्यार लावायचे ते लाकूड आपल्याकडे फिरताना. उलट फेऱ्याला किंचित मागे घ्यायचे. हे काय पुस्तक वाचून येते? दोरी ओढता ओढता मुलगा बापाच्या मनगटाकडे पाहत राही, तीच त्याची शाळा. पण ज्याचा बाप कातारी नाही, त्याने शिकावे कुठे?

ऑक्टोबर १९३७ मध्ये, आपल्या वऱ्हाडाला लागूनच असलेल्या वर्ध्याला, शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार गांधीजींनी तिच्यापुढे ठेवला. झाकीर हुसेन समितीच्या योजनेत सूतकताईबरोबर सुतारकामही आले. म्हणजे कोणाच्याही पोराच्या हाती पटाशी यावी! माझ्या मते योजनेतली सर्वांत धीट गोष्ट हीच. चरख्याच्या गजरात ती झाकली गेली.

पुढे सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. अमरावती-अकोल्याचा मुलगा तिथे ‘टर्नर’ होतो खरा, पण तो लोखंड काततो. लाकूड कातायचे तर बहुधा अजून सुताराच्याच दारी जावे लागते.